काळीज उजव्या बाजूला असतं

अक्का, व्हॉट्सॅपवर येणारे बोललेले निरोप मी दीडपट वेगाने ऐकते. सगळ्यांचेच. पालकांचे, मुख्याध्यापिकांचे, नवऱ्याचे, आईचेसुद्धा. वेळ वाचतो. तुमचाही तसाच ऐकला. हातात लाल पेन, समोर सातवीच्या उत्तरपत्रिका, फोन टेबलावर उताणा. त्या वेगात तुमचा आवाज एखाद्या रुसलेल्या मुलीसारखा येत होता आणि मला वाटलं, अजून तेच धरून बसल्यात या.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी चंद्राक्कांवर तुम्हीच लिहा, असं मला सांगितलं गेलं. शाळेत तुमच्या शेजारच्या टेबलावर मीच होते, आणि मराठी लिहिणारीही मीच. मी लगेच हो म्हटलं आणि सवयीप्रमाणे मुद्दे काढले: शिक्षण, नोकरी, शिस्त, विद्यार्थ्यांवरचं प्रेम. मुद्दे झाल्यावर दिसलं, की यातलं काहीही तुम्हाला वाचून दाखवायची सोय नाही. तुम्ही म्हणाला असतात, "हें काय ग, रेशन कार्डासारखें?" म्हणून तो कागद बाजूला ठेवते आणि तुमच्याशीच बोलते.

मी चेन्नईजवळ सिरुसेरीला आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा तमिळमध्ये मला फक्त "तण्णी" म्हणजे पाणी एवढं येत होतं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत फोनवर आईला सांगत होते, की इथे सगळं ठीक आहे, फक्त बोलायला कोणी नाही. मागून आवाज आला, "कोणी नाहीं कशी? मी आहें की." वळून पाहिलं तर कांजीवरम साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, कपाळावर विभूती आणि तोंडात मराठी. पण काय मराठी! जुन्या पोथीतून उठून आलेली आणि तमिळ चालीवर झुलणारी. मी हसले. तुम्ही विचारलंत, "हसतीस कशाला?" मी म्हटलं, "काही नाही, गोड वाटलं." खरं तर मला ते चुकीचं वाटलं होतं. तंजावरला गेलेल्या तुमच्या माणसांची मराठी तिथेच थांबली आणि आमची पुढे गेली, असा माझा तेव्हा पक्का समज होता. अनेक वर्षं होता.

डब्यातलं डांगर तुम्ही माझ्या पोळीवर वाढलंत आणि म्हणालात, "हें तरी ओळखतीस का?" ओळखलं. आमच्याकडेही उडदाच्या पिठाचं असंच करतात. त्या दिवसापासून तुम्ही मला वसू म्हणू लागलात. वसुधा हे नाव चेन्नईत तुम्ही एकट्यानेच छोटं केलंत.

सहावी-सातवीला मानवी शरीर शिकवायची तुमची रीत मला आवडायची नाही. हे तुम्हाला माहीत होतं. मी धड्याच्या क्रमाने जाणारी. पचनसंस्था झाली, खूण केली. श्वसनसंस्था झाली, खूण केली. तुम्ही धडा उघडायच्या आधीच मुलांना फरशीवर बसवायच्या. पुठ्ठ्याची कार्डं द्यायच्या: जठर, आतडं, रक्त, फुप्फुस, हृदय, स्नायू, आणि एक प्रश्न विचारायच्या. "सकाळी खाल्लेली इडली तुझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कशी पोचते?" मग मुलं कार्डं सरकवायची, खडूने रेघा ओढायची, भांडायची, पुसायची. संकल्पना-नकाशा म्हणतात त्याला. प्रशिक्षणात आम्हा सगळ्यांनाच शिकवला होता. पण तुमच्या वर्गात तो नकाशा कमी आणि बाजार जास्त वाटायचा. शेजारच्या वर्गातून मी दार लावून घ्यायचे.

तुमचा नियम एकच. दोन कार्डांमध्ये रेघ ओढली की त्या रेघेवर शब्द लिहायचा. 'आतडं' आणि 'रक्त' नुसती जोडून चालणार नाहीत. आतडं रक्ताला काय करतं ते लिही. देतं? घेतं? गाळतं? ढकलतं? शब्द सुचला नाही तर रेघ पुसायची. "मुकी रेघ ठेवूं नको," हे तुम्ही तमिळमध्ये, इंग्रजीत आणि माझ्याकडे बघून मराठीतही म्हणायच्या.

मी म्हणायचे, "अक्का, हे शेवटी करायला हवं. आधी धडा, मग नकाशा. म्हणजे नीट येतो."

"नीट आलेला नकाशा कशाला ग? तो पुस्तकांत छापलेला आहेच."

"परीक्षेत इडलीचा अंगठा विचारत नाहीत."

"नाहीं विचारत. पण पोर विचारते."

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मधली सुट्टी संपल्याची घंटा व्हायची आणि तो तिथून पुढच्या सुट्टीवर जायचा.

देविका आठवते? जवळच्या कोवलमहून बसने यायची, वेणीला कायम दोन रंगांच्या रिबिनी. तिच्या नकाशात तिने लिव्हर, प्लीहा आणि फुप्फुसं एकाच गोलाला जोडली होती आणि त्या गोलात तमिळमध्ये लिहिलं होतं 'ईरल'. तेव्हा तुमच्या रजेमुळे तो वर्ग माझ्याकडे होता. मी लाल फुली मारली. पचनातलं, रक्तातलं आणि श्वासातलं अशी तीन वेगळी इंद्रियं एकत्र कशी येतील? तुम्ही परत आल्यावर ती वही घेऊन थेट माझ्या टेबलाशी आलात.

"फुली कां?"

"चूक आहे म्हणून."

"तिला विचारलेंस का?"

नव्हतं विचारलं. तुम्ही तिला बोलावलंत. ती पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिस, एल्लामे ईरल दाने?" सगळीच ईरल ना? तेव्हा तुम्ही मला समजावलंत. तमिळमध्ये लिव्हर म्हणजे कल्लीरल, दगडी ईरल. प्लीहा मण्णीरल, मातीची ईरल. आणि फुप्फुस नुरैयीरल, फेसाची ईरल. पोरीने तिच्या भाषेत दिसलं ते जोडलं होतं. तुम्ही फुली खोडली नाहीत, बरोबरची खूणही केली नाहीत. तिच्या हातात पेन्सिल दिलीत आणि म्हणालात, "रेघेवर लिही." तिने बराच वेळ विचार करून लिहिलं, नाव एक, काम वेगळं. मग दुसऱ्या रेघा ओढल्या आणि प्रत्येकीला तिच्या कामाशी नेऊन जोडलं. प्लीहेचं काम त्या वर्गात तिच्याइतकं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

ती गेल्यावर तुम्ही सहज म्हणालात, "आमच्या घरीं कल्लीरल म्हणजे काळीज."

मला संधीच मिळाली. "अक्का, काळीज म्हणजे हृदय."

"कोणी सांगितलें? हृदय म्हणजे हृदय. काळीज पोटांत, उजवीकडे."

"अहो, अख्खा महाराष्ट्र काळीज म्हणताना छातीवर हात ठेवतो."

"आम्ही तुमचा महाराष्ट्र सोडला तेव्हां काळीज पोटांतच होतें. तुम्ही मागाहून वर सरकवलेंत."

खोलीतल्या तमिळ शिक्षिकांना कळेना आपण का हसतोय ते. मी हट्टाला पेटले. "मग काळजाचा तुकडा? आई पोराला म्हणते ते? तो काय लिव्हरचा तुकडा?"

तुम्ही डबा बंद केलात आणि शांतपणे म्हणालात, "लिव्हरचाच. हृदयाचा तुकडा काढून दिला तर आई उरेल का? काळीज कापून दिलें तर परत वाढतें. म्हणून तर देतां येतें, कण्णा."

लाडाने 'कण्णा', बाळा, म्हणालात, तरी माझं समाधान झालं नाही. घरी जाऊन शब्दकोश पाहिला. काळीज या शब्दाचा तुमचा अर्थ त्यात होता. दुसऱ्या दिवशी मी तो तुम्हाला सांगितला, पण कसा? "तुमचाही अर्थ एके काळी होता म्हणे," असं. तुम्ही म्हणालात, "एके काळीं नाहीं. आजहि. माझ्या पोटांत आहे." आणि पुढे कितीतरी दिवस तुम्ही येता-जाता विचारायच्या, "वसू, काळीज कोठें?" मी उजव्या कुशीवर हात ठेवायचे. मग तुम्ही खूष. त्या खेळात माझी हार होती, पण मला ती आवडायची. आत्ता हे लिहिताना हात तिथेच गेला.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि लेकीकडे, सुगुणाकडे, चेन्नईच्या दुसऱ्या टोकाच्या आवडी या गावी राहायला गेलात. जावई तिथल्या कारखान्यात, क्वार्टर मोठं, बाहेर कडुनिंबाचं झाड. "ये एकदां, सेंट्रलहून लोकल सरळ येते," म्हणालात. आवडी काही परदेशात नाही. पण माझ्या दर आठवड्याच्या कामांत 'अक्कांकडे जाणे' हे काम होतं आणि ते दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात जायचं. ज्याला ठरलेली तारीख नसते ते काम माझ्याकडून होत नाही. हा माझा दोष मी कायम गुण म्हणून सांगितला.

तुमच्या जागी विज्ञान विभाग माझ्याकडे आला. सगळ्या तुकड्यांना एकसारखं शिकवलं जावं अशी शाळेची मागणी होती. मी तुमचे फरशीवरचे नकाशे बंद केले आणि छापील नकाशे केले. सुंदर होते, अक्का. प्रत्येक संस्थेला वेगळा रंग, चौकटी सरळ, बाण सरळ. मुलांनी फक्त रिकाम्या चौकटींत नावं भरायची. तपासायला सोपे. रेघांवर शब्द नव्हते, कारण शब्द ठेवले तर प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं येतं आणि गुण कसे द्यायचे हा प्रश्न उभा राहतो.

विज्ञान प्रदर्शनाला तुम्हाला बोलावलं होतं. मी ते नकाशे मोठे छापून हॉलच्या भिंतीवर लावले होते. तुम्ही चष्मा पुसून एकेक पाहत गेलात. मुख्याध्यापिका शेजारी होत्या, नव्या शिक्षिकाही होत्या. शेवटच्या नकाशापाशी थांबून तुम्ही म्हणालात, "सगळ्या रेघा मुक्या, वसू."

तुम्ही मराठीत बोललात, म्हणजे ते फक्त माझ्यासाठी होतं. दुसऱ्या कोणाला कळलं नाही. तरी मला सगळ्यांसमोर ओरडा खाल्ल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "घरी बसून बोलायला सोपं असतं, अक्का."

तुम्ही हसलात. "तेंहि खरें," म्हणालात. मग चहा घेतलात, वडा तसाच ठेवलात. तुमचे डोळे मला पिवळट दिसले होते. दिसले होते, अक्का. मी मुलांना कावीळ शिकवते, लिव्हर बिघडलं की डोळ्यांत कुठे बघायचं ते फळ्यावर काढून दाखवते. तेव्हा मात्र मला वाटलं, हॉलचे दिवे असे आहेत. आणि तुम्ही वडा ठेवलात तो माझ्यावर रागावून ठेवलात, असंच मी धरून चालले.

त्यानंतर काही आठवड्यांनी तुमचा निरोप आला. देवनागरी तुम्हाला वाचता यायची, फोनवर लिहिता यायची नाही, म्हणून तुम्ही नेहमी बोलूनच पाठवायच्या. आता तो मी नेहमीच्या वेगाने ऐकला आहे. मधे श्वास आहे, मागे आगगाडीचा आवाज आहे, एकदा तुम्ही थांबून पाणी पिता. तुम्ही म्हणता, "वसू, कामांत आहेस का? एक सांगायचें होतें. माझें काळीज बिघडलें ग. घराबाहेर कोणास सांगितलें नाहीं. तुला सांगावेंसें वाटलें. सवड झाली तर ये."

दीडपट वेगात श्वास ऐकू येत नाहीत. मला ऐकू आलं ते एवढंच, की चंद्राक्कांचं काळीज दुखावलंय, प्रदर्शनातलं माझं बोलणं त्यांना लागलंय आणि आता मी जाऊन समजूत काढावी अशी अपेक्षा आहे. मी छातीतलं काळीज ऐकलं. ज्या एका माणसाबरोबर मी काळीज उजवीकडे ठेवायला शिकले होते, त्याच माणसाच्या तोंडून तो शब्द आला तेव्हा मी माझाच अर्थ लावला. परक्या कोणी तो शब्द वापरला असता तर ही चूक निदान समजण्यासारखी होती.

मी उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते शेवटी सांगते.

त्यावर तुमची दोनच अक्षरं आली, तमिळमध्ये. "सरी." ठीक आहे. मी फोन पालथा घातला आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. प्रश्न कोणता होता तेही सांगते, कारण लाज अर्धी ठेवण्यात अर्थ नाही: 'यकृताची कोणतीही तीन कार्ये लिहा.'

तुम्ही गेल्याचं शाळेच्या गटावर कळलं. इंग्रजीत होतं, लिव्हर निकामी होऊन. मी ते वाचलं आणि माझा हात माझ्या उजव्या कुशीवर गेला. मग फोन काढून तुमचा निरोप पुन्हा लावला.

आवडीला मी तेव्हा गेले. लोकल खरंच सरळ जाते. कडुनिंब आहे, त्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तुमचा फोटो समोर, त्याला मोगरा. सुगुणाने मला पाहिलं आणि उठून आली. तिची मराठी तुमच्याहून जास्त तमिळ वळणाची, पण आवाज अगदी तुमचा. ती म्हणाली, "मावशी, अम्मानं फक्त तुम्हांलाच सांगितलें होतें. शाळेंत कोणालाच नाहीं. मी म्हटलें, डॉक्टर काय म्हणतो तें सगळें नीट सांग त्यांना. तर म्हणते, 'वसूला नको एवढें. काळीज म्हटलें कीं तिला पुरतें. तिला माहीत आहे तें कोठें असतें.'"

मी चपला काढून फोटोपाशी गेले.

"वाट बघत होती," सुगुणा म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज, जसं कोणी सांगतं की दूध येऊन गेलं. "परीक्षा झाल्या कीं येईल, म्हणायची. मग तिनेंच विषय बंद केला." आणि मग तिने विचारलं, "तुम्ही काय म्हणालांत तिला? अम्मानं मला वाचून दाखवलें नाहीं."

मी म्हटलं, "धीर दिला."

हे दोन शब्द मी तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलले. सुगुणाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरें झालें. कोणी तरी दिला." तिथून निघताना तिने केळीच्या पानात बांधून डांगर दिलं. मी ते घरापर्यंत आणलं आणि खाऊ शकले नाही.

तेव्हापासून माझं रोजचं सगळं वेळेवर चाललं आहे. कोणाला काही दिसत नाही. फक्त मागच्या आठवड्यात मी सातवीला छापील नकाशे वाटले नाहीत. बाकं मागे सरकवली आणि मुलांना फरशीवर बसवलं. खडू दिला. तुमची इडली विचारली. भयंकर गोंधळ झाला, शेजारच्या वर्गाने दार लावून घेतलं. एका मुलीने लिव्हरपासून हृदयापर्यंत रेघ ओढली आणि अडली. "मिस, इथे काय लिहू? काही आहे का यांच्यात?" मी म्हटलं, आहे. लिव्हरमधून बाहेर पडणारं सगळं रक्त आधी हृदयाकडे जातं. तिने वाकून रेघेवर तमिळमध्ये लिहिलं, 'पाठवतं'. आणि वर बघून विचारलं, "बरोबर?" मी 'हो' म्हटलं.

तुमच्याशी भांडायला अजून बरंच काही आहे. नकाशा धड्याच्या आधी की नंतर, यावर माझं म्हणणं मी पूर्ण सोडलेलं नाही. एका तासात अख्खं शरीर होत नाही, अक्का. त्या दिवशीही झालं नाही. मज्जासंस्था राहिली, आणि फरशी पुसायला मुलांना थांबवावं लागलं. तुम्ही असतात तर "राहूं दे, उद्यां तिथूनच" म्हणाला असतात. पण हे भांडण आता मला दोन्ही बाजूंनी करावं लागतं, आणि तुमची बाजू मला तुमच्याइतकी करता येत नाही.

सुगुणाला मी या लेखाबद्दल सांगितलं. तिला देवनागरी वाचता येत नाही, मराठी तिच्या कानातच आहे. ती म्हणाली, "मावशी, वाचून पाठवा ना फोनवर. कामें करतां करतां ऐकेन." मी म्हटलं, नको, मीच येते. रविवारी येते.

कडुनिंबाखाली बसून तिला हे सगळं वाचून दाखवणार आहे, घाई न करता. 'धीर दिला' इथपर्यंत येईन, आणि तिथे कागद खाली ठेवून तिला सांगेन की मी धीर दिला नव्हता. मग ती विचारेल, "मग काय लिहिलें होतें?" मला ते तोंडाने म्हणता येणार नाही, म्हणून फोन उघडून तिच्या हातात देईन. तिला अक्षरं येत नाहीत. तेव्हा तीच म्हणेल, वाचा. आणि मग मला तिच्यासमोर, तुमच्या दारात, मोठ्याने वाचावं लागेल:

"अक्का, एवढं मनाला लावून घेऊ नका. परीक्षा झाल्या की बघू."